पाहण्याची मजुरी

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये जे तेल असतं, त्याला बनवतानाच लाल रंग दिलेला असतो. या रंगामुळे तेल अधिक गुळगुळीत होत नाही, अधिक दिवस टिकत नाही, उष्णताही अधिक वाहून नेत नाही. यंत्राच्या दृष्टीने तो निरुपयोगी आहे. तो घातला एवढ्याचसाठी, की गाडीखाली थेंब पडला तर पाहणाऱ्याला कळावं, हे इंजिनचं ऑइल नाही, गिअरबॉक्सचं तेल आहे.

जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रामॅटिक’ नावाची यंत्रणा बाजारात आणली. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात तोच अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसवला गेला. पुढच्या दशकांत या तेलाचा लाल रंग ही जगभरच्या गॅरेजांतली ठरलेली खूण झाली. मला या रंगाचं कौतुक वाटतं. माल बनवणाऱ्याने इथे आपला माल कधीतरी गळणार हे गृहीत धरलं आहे, आणि तो दोष कुणा अनोळखी माणसाला, आपल्या माघारी, रस्त्याच्या कडेला ओळखता यावा याची तजवीज आधीच करून ठेवली आहे.

दुरुस्तीच्या धंद्यातला नैतिक प्रश्न या रंगापासून सुरू होतो. दुसऱ्याची वस्तू उघडून पाहणाऱ्याला जे दिसतं, त्यातलं किती सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे? आणि त्याच्या आधीचा, सहसा कुणी न विचारणारा प्रश्न: ते नीट पाहण्याची किंमत कुणी द्यायची?

१

हा प्रश्न पुण्यातही विचारता येईल. पण नंदुरबार जिल्ह्यात तो जास्त टोचतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. खाली तापीचा सपाट पट्टा, ऊस-केळी-पपईची शेतं, शहादा-नंदुरबारसारखी गजबजलेली बाजारपेठ. वर सातपुडा. तळोद्याहून धडगावला जायचं तर चांदसैली घाट चढावा लागतो, शहाद्याहून तोरणमाळला जायचं तर तोरणमाळचा घाट. पावसाळ्यात दरडी येतात. मध्येच गाडी बंद पडली तर मदत येईपर्यंत किती वेळ जाईल, हे कुणी सांगू शकत नाही.

इथल्या मिस्त्रींचे हात जीप, ट्रॅक्टर आणि पिकअपवर तयार झाले आहेत. त्या सगळ्या हाताने गिअर टाकायच्या गाड्या. ऑटोमॅटिक गाडी ही अलीकडची पाहुणी. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली आणि ‘बिनक्लचची गाडी’ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. अर्थात सेलेरिओमधली यंत्रणा म्हणजे साधा गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला त्यावर एक यांत्रिक हात बसवलेला. खऱ्या अर्थाने तेलावर चालणारा ऑटोमॅटिक वेगळा, पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी वेगळा, दोन क्लचचा वेगळा. गिऱ्हाईक चौघांनाही ‘ऑटोमॅटिक’च म्हणतो. प्रत्येकाचं तेल मात्र निराळं असतं, आणि एकाचं तेल दुसऱ्यात ओतणं म्हणजे चांगल्या मनाने केलेला घात.

आता एक काल्पनिक प्रसंग घेऊ. धडगावला नोकरी करणारे एक शिक्षक आहेत. त्यांनी सुरतेहून जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे तेलावर चालणारी. एका सकाळी गाडी मागे घेतल्यावर फरशीवर पंजाएवढा लालसर डाग दिसतो. रविवार पाहून ते घाट उतरतात आणि शहाद्यात दोंडाईचा रस्त्यावरच्या एका गॅरेजात गाडी लावतात.

“भाऊ, तेल गळतंय. जरा बघून घ्या.”

“लावा सर आत. बघू.”

‘जरा बघून घ्या’ हे आपल्याकडे इतक्या सहज म्हटलं जातं, की त्यात एक मागणी दडली आहे हे लक्षातच येत नाही. बघणं हे काम आहे, आणि ते फुकट मागितलं जातंय.

२

बघणं म्हणजे नेमकं काय, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. त्याशिवाय पुढचा युक्तिवाद हवेत राहील.

थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते. तेल वजनाने खाली येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकतं. गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाशी सुटलेला ओघळ कवचावरून सरकत मागच्या बोल्टच्या टोकाशी जमतो आणि तिथून टपकतो. टपकणाऱ्या बोल्टला दोष देणारा मिस्त्री दहापैकी बऱ्याच वेळा चुकीच्या जागी पाना लावत असतो. म्हणून नियम असा, की थेंबाकडे न पाहता सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा.

पण सगळंच तेलकट असताना वरचा ठिपका दिसणार कसा? म्हणून आधी सगळं धुवायचं. वर्षानुवर्षांची तेल-मातीची खपली खरवडायची, धुऊन कोरडं करायचं. संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर मारायची, किंवा तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहायचं. मग गाडी फिरवून आणायची. कारण काही गळत्या फक्त तेल तापल्यावर आणि दाब चढल्यावर दिसतात. काही उलट, गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच दिसतात: इंजिन बंद झालं की टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खालच्या चेंबरमध्ये उतरतं, तिथली पातळी वाढते, आणि एरवी कोरडा राहणारा सांधा भिजतो. अशी गळती तासाभरात सापडणारच नाही. त्यासाठी गाडी रात्रभर ठेवून घ्यावी लागेल, खाली पुठ्ठा अंथरून.

रंगावरही आंधळा भरवसा नको. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगमध्येही हेच लाल तेल असतं. वरून स्टीअरिंगच्या पाइपातून ओघळलेलं तेल गिअरबॉक्सवर पडतं आणि निष्पाप गिअरबॉक्स उघडला जातो. लाल तेल जुनं झालं की तपकिरी होतं आणि इंजिन ऑइलसारखं दिसू लागतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या पोकळीतून थेंब येत असेल, तर तो इंजिनच्या मागच्या सीलचा की गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा, हे ठरवायला रंग, वास, दोन बोटांत चोळून लागणारा चिकटपणा, सगळं पणाला लावावं लागतं. चुकलं, तर अख्खा गिअरबॉक्स उगाच उतरवला जातो.

समजा, हे सगळं करून आपल्या मिस्त्रीला एक ओला सांधा सापडला. तो चेंबरच्या गॅस्केटचा आहे. गॅस्केट बदललं, संपलं? इथे दुसरा ‘का’ येतो. गॅस्केट का गेलं? कदाचित आधीच्या कुणी बोल्ट इतके आवळले असतील की पत्र्याची कड वाकली. घट्ट आवळलं की बंद होतं, ही समजूत चुकीची आहे. ठरावीक जोराने, समोरासमोरच्या क्रमाने आवळलं तरच कड सपाट बसते. किंवा कदाचित गॅस्केट आणि सील ठीकच असतील आणि ब्रीदर बुजला असेल. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि त्या नळीतून बाहेर जाते. घाटातल्या चिखलाने नळीचं तोंड बंद झालं तर हवा आत कोंडते आणि सगळ्यात अशक्त सीलमधून तेल बाहेर ढकलते. सील नवं घातलं तरी महिन्याभराने तेही गळेल. आणखी एक शक्यता: गळतंय म्हणून कुणीतरी अंदाजाने तेल वाढवत गेलं असेल. जास्तीचं तेल फिरणाऱ्या भागांत घुसळून फेसाळतं आणि बाहेर येतं. म्हणजे गळतीवरचा उपायच गळतीचं कारण झालेला असतो.

कारणांची ही साखळी कुठे थांबवायची, याला यंत्रशास्त्रात उत्तर नाही. गॅस्केट, मग ब्रीदर, मग चिखल, मग रस्ता, मग रस्त्याचा ठेका. मिस्त्री जिथे थांबतो ते ठिकाण तो निवडत असतो. त्या निवडीत त्याचं ज्ञान असतं, तसाच त्याचा वेळ आणि त्याचं पोटही असतं.

३

आता पैशांचा हिशेब. समजा, आपल्या मिस्त्रीने अडीच तास घालवले. धुतलं, पावडर मारली, गाडी फिरवली, पुन्हा वर घेतली. शेवटी ब्रीदरमध्ये वाळलेला चिखल सापडला. तारेने आणि हवेच्या दाबाने नळी साफ केली, पातळी जुळवली. नवीन सामान शून्य रुपयांचं. त्याने सहाशे रुपये सांगितले, तर आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून काय निघेल, ते मी लिहायला नको. “एवढीशी माती काढायचे सहाशे?”

तेच, त्याने काहीही न पाहता गॅस्केट, दोन सील आणि सगळं तेल बदलून सहा हजारांचं बिल दिलं असतं, तर आपण जुनं गॅस्केट हातात घेऊन, मान हलवून, पैसे मोजले असते. हातात धरता येईल अशा वस्तूचे पैसे द्यायला आपल्याला काही वाटत नाही. ज्या माहितीमुळे ती वस्तू लागलीच नाही, तिचे पैसे देणं मात्र लुबाडणूक वाटते.

प्रामाणिकपणाबद्दल बोलताना आपण मिस्त्रीच्या चारित्र्याकडे बोट दाखवतो. पण वरच्या हिशेबात पाहिलं तर खरं शोधणारा मिस्त्री त्या दिवशी कमी कमावतो, आणि तो कमी कमावतो ते आपल्या मोलभावामुळे. आपण पाहण्याची मजुरी द्यायला नकार देतो, आणि मग न पाहता सामान बदलणाऱ्यांनी बाजार भरला की फसवणुकीची तक्रार करतो.

अर्थशास्त्रात या कोड्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं त्यामागे हा विचार होता. विकणाऱ्याला गाडीचा दोष माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो, आणि त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नसल्याने चांगल्या गाड्या बाजारातून उठतात. तीनच वर्षांनी, १९७३ मध्ये, डार्बी आणि कार्नी या दोघांनी पुढचा मुद्दा मांडला. काही सेवा अशा असतात की त्यांची गरज होती की नाही, हे गिऱ्हाइकाला नंतरही कळत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर गाड्यांची दुरुस्ती होती. गॅस्केट बदललं, गळती थांबली. पण गॅस्केटमुळे थांबली की त्याच वेळी सहज साफ झालेल्या ब्रीदरमुळे? शिक्षकांना हे आयुष्यात कधी कळणार नाही. इथे तपासणारा आणि उपाय विकणारा एकच माणूस आहे, आणि गोची तिथेच आहे.

दोंडाईचा रस्त्यावरच, तापीच्या काठी, सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला इथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोडा घेणारा शहाणा माणूस एकटा जात नाही. सोबत एक जाणकार नेतो. तो दात पाहून वय सांगतो, पाय उचलून खूर पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो, चालवून आणि पळवून पाहतो. जाणकाराला घोडा विकायचा नसतो, म्हणून त्याच्या नजरेला किंमत असते. त्याचा मान ठेवला जातो, चहापाणी होतं, वेळेला पैसेही दिले जातात. म्हणजे पाहणं हे स्वतंत्र काम आहे, ते विकणाऱ्यापासून वेगळं ठेवावं आणि त्याचं मोल द्यावं, हे शहाणपण या मातीत जुनंच आहे. घोड्याच्या वेळी आठवणारी ही गोष्ट आपण गाडीच्या वेळी विसरतो.

४

पण मजुरी मिळाली नाही, म्हणून गप्प राहण्याचा अधिकार मिळतो का? आपल्या गोष्टीत एक बदल करू. मिस्त्रीला ब्रीदर सापडला, पण चेंबर उघडल्यावर तळाशी काळा गाळ आणि जळका वासही सापडला. याचा अर्थ आतले क्लच झिजत आहेत. कधीतरी पातळी कमी असताना गाडी चालवली गेली. पंपाने तेलाऐवजी हवा ओढली, दाब पडला, क्लच घसरले, जळले. शिक्षकांनी याबद्दल विचारलेलं नाही. त्यांचा प्रश्न गळतीचा होता, आणि गळती तर थांबली.

सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात अगदी हाच पेच आहे. एक माणूस घर विकतोय. घर रोगट आहे, झोपायच्या खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजकं आहे. हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्याने सांगावं का? बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याने कुणाला घर घ्यायची बळजबरी केलेली नाही. त्याचाच शिष्य अँटिपॅटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट आहे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने पडतो. त्याचं म्हणणं असं, की नुसतं गप्प बसणं वेगळं. पण ज्याने जाणून घेणं त्याच्या हिताचं आहे, त्याला आपल्या फायद्यासाठी अंधारात ठेवणं, हे लपवणंच.

आपल्या कायद्यानेही हीच रेघ ओढली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या ‘त्रुटी’ची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकाशी संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं हेही धरलं आहे. म्हणजे काम चोख केलं आणि तोंड बंद ठेवलं, तर ती पूर्ण सेवा ठरतेच असं नाही.

तरीही डायोजेनिसच्या बाजूचा एक युक्तिवाद मला थांबवतो, आणि तो नफेखोर मिस्त्रीचा नाही, दयाळू मिस्त्रीचा आहे. तो म्हणेल: “सरांना सांगून काय उपयोग? गिअरबॉक्स उघडून आतलं काम करायचं तर सुरत-नाशिक गाठावं लागेल, गाडीच्या निम्म्या किमतीएवढा खर्च. त्यांच्याकडे तेवढे नाहीत. उगाच झोप उडेल. चालतेय तोवर चालू द्या.” यात लबाडी नाही. डॉक्टर, नातेवाईक, आपण सगळेच आजाऱ्याशी कधी ना कधी असं वागतो.

पण हे शिक्षक उद्या घाट चढणार आहेत. गाडीत दोन सहकारी असतील. कधी शेजारच्या पाड्यावरची बाळंतीण असेल. क्लच पूर्ण घसरले तर चढावर गाडी पुढे जाणार नाही. उतारावर त्याहून वाईट: चाकांचा इंजिनशी संबंध सुटला की इंजिनचा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हे माहीत असतं तर शिक्षकांनी कदाचित गाडी विकली नसती, दुरुस्तही केली नसती. पण इतरांना बसवून घाटात नेलं नसतं. किंवा खालच्या गिअरात, थांबत-थांबत गेले असते. दयाळू मौनाने त्यांचे पैसे वाचवले, त्यांची झोप वाचवली, आणि त्यांचा निर्णय काढून घेतला. निर्णय त्यांचा होता, कारण जीव त्यांचा आणि त्यांच्या भरवशावर बसलेल्यांचा होता. खर्च परवडत नाही हे सत्य न सांगण्याचं कारण होऊ शकत नाही. ज्याला दुरुस्ती परवडत नाही, त्यालाच आपली गाडी किती भरवशाची आहे हे माहीत असण्याची गरज जास्त असते.

अर्धं सांगणं हा तिसरा मार्ग इथे मोहक वाटतो. “सर, जरा जपून चालवा.” या वाक्यात खोटं काही नाही. युधिष्ठिराच्या अश्वत्थाम्याबद्दलच्या वाक्यातही तांत्रिकदृष्ट्या खोटं काही नव्हतं. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली आला, असं कथा सांगते. ऐकणाऱ्याला काय कळेल हे ओळखून शब्द निवडले, तर ते शब्द खरे आहेत एवढ्याने सुटका होत नाही.

५

मग प्रामाणिक मिस्त्रीने प्रत्येक वेळी शेवटच्या कारणापर्यंत खणत जावं का? तेही नाही. शिक्षकांना सोमवारी शाळेत पोचायचं आहे. कधी कधी तेल भरून, ओलसर सांध्यावर सिलिकॉन लावून गाडी रवाना करणं हेच योग्य असतं. कामचलाऊ उपाय हा खोटा उपाय नसतो. त्याला पक्का म्हणून विकलं, तर तो खोटा होतो. पाझर आणि गळती यांतही फरक आहे. जुन्या सांध्यावरची नुसती ओल वर्षानुवर्षं तशीच राहू शकते, आणि तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरवणं ही भीती विकणं झालं. खरं सांगण्यात ‘याला आत्ता हात लावायची गरज नाही’ हे सांगणंही येतं, आणि धंद्याच्या दृष्टीने ते सर्वांत महाग वाक्य आहे.

माझ्या मते दुरुस्त करणाऱ्याचं सांगण्याचं कर्तव्य तीन वाक्यांत मावतं. मी काय पाहिलं. मी काय पाहिलं नाही. मी काय केलं, आणि ते किती दिवसांचं. यातलं दुसरं वाक्य सर्वांत दुर्मीळ. ‘रात्रभर गाडी उभी ठेवून पाहिलेली नाही, त्यामुळे उभ्या गाडीची गळती असेल तर मला माहीत नाही,’ असं म्हणणारा मिस्त्री अडाणी वाटण्याचा धोका पत्करतो. आपण त्याच्याऐवजी शेजारच्या ठाम बोलणाऱ्याकडे जातो. अज्ञान कबूल करणाऱ्याला शिक्षा आणि अंदाजाने ठोकणाऱ्याला बक्षीस, हीसुद्धा गिऱ्हाइकाचीच करणी.

६

इथपर्यंत सगळं ओझं मिस्त्री आणि गिऱ्हाईक यांच्यात वाटलं. तिसरा एक आहे, जो गॅरेजात कधी दिसत नाही. ज्या कंपन्यांनी एकेकाळी तेलाला लाल रंग दिला, त्यांच्याच धंद्याने पुढे त्या रंगामागचा करार पातळ केला. आज कुणाचं तेल हिरवं, कुणाचं निळं, कुणाचं फिकट पिवळं. पूर्वी गिअरबॉक्सलाही इंजिनसारखी तेल मोजायची कांडी असायची. बॉनेट उघडून, कांडी पुसून, शिक्षकांनी स्वतः पातळी पाहिली असती. आता बऱ्याच गाड्यांत ती नाही. गिअरबॉक्स ‘आयुष्यभरासाठी सीलबंद’ आहे असं सांगितलं जातं. आयुष्य कुणाचं, हे सांगितलं जात नाही. गिअरबॉक्सचं असेल, तर तेल संपेल तेव्हा त्याचं आयुष्य संपलं, आणि विधान नेहमीच खरं ठरलं!

कांडी नसलेल्या अनेक गाड्यांत पातळी पाहायची रीत अशी: गाडी सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, संगणक जोडून तेलाचं तापमान वाचायचं, आणि ते ठरावीक मर्यादेत, बऱ्याच गाड्यांत साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना खालचा बूच काढून तेल कसं ओघळतं ते पाहायचं. थंड देशातल्या अभियंत्याला ही मर्यादा सोयीची आहे. गाडी हळूहळू तापत तिथे पोचते. मे महिन्यातल्या नंदुरबारात हवाच चाळिशी ओलांडते. दुपारी उन्हातून आलेल्या गाडीचं तेल ही मर्यादा कधीच मागे टाकून गेलेलं असतं. मोजायचं तर पहाटे मोजावं लागतं. आणि तापमान वाचणारं यंत्र नसेल, तर इथला मिस्त्री अंदाजाने भरणार, आणि अंदाज हुकला म्हणून त्याला आपण अडाणी म्हणणार.

मिस्त्रीने माहिती दडवली तर कायदा त्याला त्रुटी म्हणतो. बनवणाऱ्याने अशी रचना केली की मालकाला आणि गावच्या मिस्त्रीला पाहताच येऊ नये, तर त्याला काय म्हणायचं? दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आपल्याकडे सरकारी पातळीवर सुरू झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक पोर्टल सुरू केलं. त्यात वाहन उद्योगही धरला आहे. पण पोर्टलवर माहितीपुस्तिका असणं आणि दोंडाईचा रस्त्यावरच्या माणसाच्या हातात तापमान वाचणारं यंत्र असणं, यांत अजून मोठा घाट आहे.

पाहता न येण्याची सर्वांत वाईट तऱ्हा आणखी निराळी. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल गार करायची नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आतच फुटली, तर तेल पाण्यात आणि पाणी तेलात मिसळतं. दोन्हींचा गुलाबी, दुधाळ लगदा होतो, आणि पाणी लागलं की क्लचचे थर सुटू लागतात. फरशीवर मात्र एक थेंबही पडत नाही. गळतीवर लिहिताना मला हे सर्वांत अस्वस्थ करतं. डाग पडणारी गळती निदान बोलते. ही आतल्या आत होते, आणि ज्याने रेडिएटरचं झाकण मुद्दाम उघडून पाहिलं, त्यालाच सापडते. मुद्दाम उघडून पाहणं तक्रारीत नसतं, बिलात नसतं, गिऱ्हाइकाने मागितलेलं नसतं.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवावीशी वाटते. तिला कायदा लागत नाही, पोर्टलही लागत नाही. गॅरेजच्या पावतीवर सामान आणि मजुरी असे दोन रकाने असतात. तिसरा रकाना असावा: तपासणी. त्यापुढे रक्कम, आणि खाली दोन ओळी, काय पाहिलं आणि काय पाहायचं राहिलं. रक्कम काम सुरू होण्याआधी ठरावी, आणि काही सापडलं नाही तरी द्यावी लागावी. पाहणाऱ्याचं पोट सापडलेल्या दोषावर अवलंबून राहिलं नाही, की त्याला दोष शोधून काढायची किंवा दडवायची गरज उरत नाही. सगळे मिस्त्री यामुळे सज्जन होणार नाहीत. पण जो सज्जन आहे, त्याला संध्याकाळी घरी जाताना तोट्यात असल्यासारखं वाटणार नाही. आणि मग ‘जरा बघून घ्या’ म्हणणाऱ्याला, नीट बघितलं नाही म्हणून रागवण्याचा हक्कही मिळेल. आज तो हक्क आपल्याकडे नाही, कारण त्याचे पैसे आपण दिलेले नाहीत.